‘अब्यूज’ला मराठीत काय म्हणायचं?



हेच व्याख्यान मी याआधी साताऱ्यात दिलं होतं. तिथं श्रोत्यांनी नंतर जे प्रश्न विचारले, त्यामुळं माझी मांडणी थोडी बदलली. आज सांगलीत बोलताना ते बदल धरूनच बोलणार आहे. त्यामुळं साताऱ्याची काही मंडळी हे वाचत असतील तर त्यांना सगळंच जुनं वाटणार नाही, अशी आशा आहे.

विषय एका इंग्रजी शब्दाचा आहे: ‘अब्यूज’. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं इंग्रजीच्या मास्तरांचं काम का हाती घ्यावं, असं कुणाला वाटेल. त्याचं कारण सांगतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इकडंच तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. एक दिवस ती घरी आली आणि म्हणाली, “सर, अब्यूजला मराठीत एकच नेमका शब्द सांगा.” मी सवयीनं विचारलं, “कुठल्या अर्थाचा अब्यूज?” ती हसली. म्हणाली, “वर्गातही तुम्ही असंच करायचा. आधी प्रकरण ऐका.”

प्रकरण असं. एक बाई दुकानात काम करते. पगार झाला की नवरा काढून घेतो, एटीएम कार्ड त्याच्याच खिशात. दोन मुली आहेत, मुलगा नाही, त्यावरून रोज टोमणे. माहेरी फोन करायचा तर समोर बसून करायचा. मारहाण मात्र नाही. आता अर्जात लिहायचं काय? ‘छळ’ लिहिलं तर समोरचा विचारतो, “मारलं का?” ‘शिवीगाळ’ लिहिलं तर म्हणतो, “एवढंच?” आणि ‘अत्याचार’ लिहिलं की ती बाईच घाबरते. म्हणते, “न्हाई न्हाई, तसलं काय झालं न्हाई.”

तीन शब्द, आणि तिन्ही तोकडे. त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसला आहे.

शब्द आला कुठून?

मूळ लॅटिन. ‘उती’ म्हणजे वापरणे, आणि ‘अब्’ म्हणजे -पासून, दूर. दोन्ही मिळून ‘अबुती’. त्याचा एक अर्थ ‘पार संपेपर्यंत वापरणे’, आणि दुसरा ‘भलतीकडं वापरणे’. इंग्रजीत तो फ्रेंचमार्गे आला. इंग्रजीत नाम असेल तर शेवटी ‘स’ ऐकू येतो, क्रियापद असेल तर ‘झ’. आपण मराठी माणसं दोन्हीकडं ‘ज’ म्हणून मोकळे होतो. चालायचंच.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रोमन कायद्यावर नंतरच्या काळात ज्या पंडितांनी लिहिलं, त्यांनी मालकीचे तीन भाग सांगितले. वस्तू वापरण्याचा हक्क, तिचं उत्पन्न खाण्याचा हक्क, आणि तिसरा ‘अबुसुस’, म्हणजे ती वस्तू संपवण्याचा, विकण्याचा, मोडून टाकण्याचा हक्क. शेत कसणाऱ्या वाटेकऱ्याला पहिले दोन असू शकतात. तिसरा फक्त मालकाला. म्हणजे अबुसुस हा तिथं गुन्हा नव्हता, मालक असल्याची ती खूण होती. माझी वस्तू आहे, मी मोडीन, तू कोण विचारणार?

हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? “माझी बायको हाय, मी काय वाट्टंल ते करीन.” “आमच्या घरातली बाब आहे, तुम्ही मध्ये पडू नका.” माणूस रोमन कायदा वाचून असं बोलत नाही. पण बोलतो ती भाषा मालकाची असते. वस्तूच्या बाबतीत जो हक्क असेल तो माणसाच्या बाबतीत लावला की त्याचा अब्यूज होतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं १७८५ साली मांडलेला विचार हाच आहे: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये.

याचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. सावित्रीबाई फुले मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८६८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तिथून जोतीरावांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांचं प्रेम जमलं होतं, मुलगी गरोदर होती, आणि गावकरी दोघांना मारायला निघाले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला, आणि दोघांचा जीव वाचवला. गावकऱ्यांच्या मते ते काही वाईट करत नव्हते, ते आपला हक्क बजावत होते. मुलगी आमची, गाव आमचं, शिक्षा आमची. सावित्रीबाईंनी त्या हक्कालाच हरकत घेतली.

इंग्रजीत अर्थ किती?

शब्दकोशात पुष्कळ दिले आहेत. आपल्या कामाचे तीन.

पहिला, वस्तूचा किंवा अधिकाराचा गैरवापर. सत्तेचा दुरुपयोग, विश्वासाचा गैरफायदा हे सगळं यात येतं. इथं मराठीला अडचण नाही.

याच घरातला एक उपप्रकार म्हणजे दारू आणि अमली पदार्थ. इंग्रजीत त्याला पदार्थाचा अब्यूज म्हणायची पद्धत होती. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, हे तुम्हाला माहीत आहे. ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द पाहा. त्यात दारूचा काय वापर झाला हे नाही. माणूस कशात अडकला आणि त्यातून सुटायचा कसा, हे आहे. इंग्रजी शब्दात मात्र दोष माणसावर ठेवलेला होता. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आपल्या आजारांच्या सूचीतून, म्हणजे डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीतून, तो शब्द काढला आणि ‘वापराचा विकार’ अशा अर्थाचा शब्द घेतला. रुग्णाला गुन्हेगार ठरवणारा शब्द उपचाराच्या आड येतो. म्हणजे शब्द बदलल्यानं काही होत नाही, हे खरं नाही.

दुसरा अर्थ, शिवीगाळ. तिसरा, माणसाला वाईट वागवणं: मूल, बायको, म्हातारे आईबाप, हाताखालचा नोकर. घोळ होतो तो या दोघांत. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळं शिवी आणि मार एकाच रांगेत बसतात. मराठीत शिवीची रांग वेगळी, खालची. “शिव्या दिल्या ना? मारलं तर न्हाई?” ही आपली नेहमीची समजूत.

आणखी एक अर्थ होता, तो आता इंग्रजीतून गेला आहे. शेक्सपिअरच्या काळात अब्यूज म्हणजे फसवणेही होतं. त्याचा अवशेष ‘डिसअब्यूज’ या शब्दात उरला आहे, म्हणजे एखाद्याचा गैरसमज दूर करणे. हा जुना अर्थ ध्यानात ठेवा. त्याकडं परत येणार आहे.

आपले शब्द काय सांगतात?

मराठीकडं या बाबतीत शब्दांचा दुष्काळ नाही. जाच, छळ, जुलूम, गांजणूक, पिळवणूक, हाल, हेळसांड, सासुरवास. प्रत्येकाची जागा वेगळी.

‘जुलूम’ अरबीतून आला. अरबी कोशकार त्याचा अर्थ देताना म्हणतात, वस्तू तिच्या जागी न ठेवता भलत्या जागी ठेवणं. ‘अत्याचार’ म्हणजे अति आचार, मर्यादा ओलांडलेलं वागणं. अर्थ व्यापक होता. पण वर्तमानपत्रांनी गेली कित्येक वर्षं तो बलात्काराच्या जागी वापरला, आणि आता ऐकणाऱ्याच्या मनात दुसरं काही येतच नाही. म्हणून ती बाई घाबरली. चूक तिची नव्हती.

‘सासुरवास’ हा शब्द तर मला फार बोलका वाटतो. अर्थ काय? सासरी राहणं. बस्स. वनवास म्हणजे वनात राहणं, तसा सासुरवास. पण “तिला लई सासुरवास हाय” याचा अर्थ कुणीही ‘ती सासरी राहते’ असा करत नाही. राहणं हाच त्रास, इतकं ते ठरून गेलं होतं. आणि ठरून गेलेल्या गोष्टीची तक्रार कुणाकडं करणार? उन्हाळ्यात ऊन लागतं म्हणून तक्रार करतो का आपण? शब्द असूनही तक्रार होत नाही, ती अशी.

‘टाकलेली बाई’ हा आणखी एक. टाकणारा कुठं आहे या शब्दात? तो गायब. उरते ती फक्त टाकलेली. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या स्वातंत्र्यसैनिक इंदूताई पाटणकर आणि त्यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांचा प्रश्न गावोगावी मांडला. शब्द संस्कृत झाला म्हणून दुःख कमी झालं नाही. पण नशिबाची गोष्ट होती ती हक्काची गोष्ट झाली.

आणि आता ‘छळ’. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट. हिंदीत आजही तोच अर्थ आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत छल हा सोळा पदार्थांपैकी एक. बोलणाऱ्याच्या शब्दांचा भलताच अर्थ लावून त्याला खोटं पाडायचं, याला छल म्हणतात. त्याचे तीन प्रकार: वाक्छल, सामान्यछल, उपचारछल. वाक्छलाचं ठरलेलं उदाहरण घोंगडीचं आहे. कुणी म्हणालं, या मुलाची घोंगडी ‘नव’ आहे, म्हणजे नवी. समोरचा म्हणतो, “नव म्हणजे नऊ! कुठं आहेत नऊ घोंगड्या? एकच तर दिसते.” आम्ही विद्यार्थ्यांना हे शिकवायचो, वर्ग हसायचा.

आता त्या दुकानातल्या बाईकडं परत या. ती म्हणाली, “तसलं काय झालं न्हाई.” तिच्या मनात ‘तसलं’ म्हणजे एक विशिष्ट गोष्ट. कागदावर काय उतरू शकतं? ‘काही झालं नाही. तक्रार नाही.’ हा वाक्छल आहे, मित्रहो. दोन हजार वर्षांपूर्वीचा दाखला आजही चालतो, फक्त आता हसू येत नाही.

मराठीत कपटाचा छल झाला छळ, म्हणजे त्रास. इंग्रजीत अब्यूजचा प्रवासही तसाच: फसवणुकीचा अर्थ मागं पडला, वाईट वागणुकीचा पुढं आला. दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि वाट मात्र एकच. मला हा नुसता योगायोग वाटत नाही. का, ते सांगतो.

फसवणूक कशात असते?

जे. एल. ऑस्टिन नावाचा एक इंग्रज तत्त्वज्ञ होऊन गेला. १९५५ साली त्यानं हार्वर्डला काही व्याख्यानं दिली. त्याचं म्हणणं असं, की काही वाक्यं माहिती देत नाहीत, काम करतात. “मी वचन देतो”, “मी हिला पत्नी म्हणून स्वीकारतो” ही ती वाक्यं. अशी कामं दोन तऱ्हेनं बिघडतात. एक, काम होतच नाही. आधीच लग्न झालेला माणूस पुन्हा बोहल्यावर उभा राहिला, तर कायद्यानं ते लग्न लागत नाही. दुसरी तऱ्हा, काम होतं, पण पोकळ. वचन दिलं, पाळायचा विचारच नव्हता. वचन दिलं गेलं हे खरं, पण त्यात काही नाही. या दुसऱ्या तऱ्हेला ऑस्टिननं नाव दिलं आहे, अब्यूज.

माझ्या मते सगळ्या शब्दाची किल्ली इथं आहे. अब्यूज व्हायला आधी खरं नातं लागतं. रस्त्यावर अनोळखी माणसानं कानाखाली मारली, ती मारहाण. तिला अब्यूज कुणी म्हणत नाही. पण नवरा, बाप, मुलगा, शिक्षक, मुकादम यांच्या हाती आपण स्वतःला सोपवलेलं असतं. नातं कागदावर पक्कं, समाजात मान्य. आणि त्याच नात्याच्या आडून त्रास दिला जातो. नातं खरं, आतून पोकळ. यात इजा असते आणि फसवणूकही असते. म्हणून छळ हा शब्द मला योग्य वाटतो. त्यात जुना छल अजून शिल्लक आहे.

कायदा काय म्हणतो?

१९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आहे. त्यातला शब्द क्रूरता असा आहे. आपल्याकडच्या फिर्यादीत तो ‘शारीरिक व मानसिक जाचहाट’ होऊन येतो.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वेगळा. त्यात अब्यूजचे चार प्रकार सांगितले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पैसे अडवणं, स्त्रीधन काढून घेणं, राहत्या घरात येऊ न देणं, हेही आहे. म्हणजे त्या दुकानातल्या बाईची कहाणी कायद्यात जवळजवळ शब्दशः होती. अडलं ते कायद्याच्या इंग्रजीपासून अर्जाच्या मराठीपर्यंतच्या वाटेवर.

शिवी हलकी असते या समजुतीलाही कायद्यानं धक्का दिला आहे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर जातीचं नाव घेऊन केलेल्या शिवीगाळीला स्वतंत्र उपकलम आहे. तिथंही क्रियापद अब्यूज हेच. पण एक फरक बघा. तिथं अट आहे, शिवी लोकांच्या नजरेसमोर दिलेली हवी. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा पाहतो चार भिंतींच्या आत. एकच शब्द, एक कायदा अंगणात उभा, दुसरा स्वयंपाकघरात.

शेवटची गोष्ट

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. घर त्यांच्या नावावर होतं, ते मुलाच्या नावावर करून दिलं. पेन्शनचं पासबुक मुलाकडं. जेवण वेळेवर मिळतं, पण ताट खोलीच्या दाराशी ठेवून जातात. कुणी बोलत नाही. मी एकदा विचारलं, “आजी, त्रास देतात का?” म्हणाल्या, “कसला तरास? पोरगा हाय माझा.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “मारत न्हाई कुणी.”

मी गप्प बसलो. पुढं काय विचारायचं, मला सुचलं नाही. तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरेटचा तिथं काही उपयोग झाला नाही. आज वाटतं, ‘त्रास’ हा शब्दच विचारायला नको होता. “आजी, पेन्शन किती येते? शेवटचे पैसे तुमच्या हातात कधी पडले? शेजारी कुणाकडं जाऊन बसता का?” असं विचारायला हवं होतं. घडलेलं विचारलं की माणूस सांगतो. नाव विचारलं की नातं वाचवायला बघतो.

त्या वकील विद्यार्थिनीला मी शेवटी हेच सांगितलं. एक शब्द शोधू नकोस. आधी घडलेलं लिही: कुणी, केव्हापासून, काय काढून घेतलं, काय बोललं. मग त्याला नाव दे, ‘आर्थिक छळ’, ‘शाब्दिक व भावनिक छळ’. नुसता ‘छळ’ लिहू नकोस, कोणता ते लिही. आणि ‘अत्याचार’ हा शब्द पक्षकाराला समजावल्याशिवाय घालू नकोस.

प्रश्नोत्तरं

श्रोता: सर, सरळ ‘अब्यूज’च वापरला तर काय बिघडतं? स्टेशन, टेबल वापरतोच की.

उत्तर: काही बिघडत नाही. शहाण्या मुलींच्या तोंडी तो आलाच आहे. पण आमच्या गल्लीतल्या आजींना तो कळणार नाही, आणि गरज त्यांना आहे. शाळेतल्या लहान मुलांचंही तसंच. ‘गुड टच, बॅड टच’ शिकवतो, चांगलंच आहे. पण घरी येऊन आजीला सांगायला मराठी वाक्यही त्याच्याजवळ हवं.

श्रोती: मुलाविरुद्ध आईला काही करता येतं का?

उत्तर: येतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो. आपल्याकडं ते काम प्रांत बघतात. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली असेल आणि सांभाळ होत नसेल, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. अट कागदावर असलेली बरी, सही करण्यापूर्वी हे पाहा. शिवाय कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त बायकोसाठी नाही. त्याच घरात राहणारी आई, बहीण, विधवा भावजय, याही त्याखाली दाद मागू शकतात. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. महिलांसाठी १८१ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे फोन क्रमांक आहेत. लिहून घ्या.

श्रोता: त्या दुकानातल्या बाईंचं काय झालं?

उत्तर: अर्ज नव्यानं लिहिला. प्रकरण चालू आहे, त्यामुळं जास्त बोलत नाही. एवढं सांगतो, एटीएम कार्ड आता तिच्याकडं आहे.